डोंगराची पाठ

झाओहुआ, सिचुआन
३ मार्च २०१८

दांग विहीणबाई, नमस्कार.

काल कंदिलांचा सण झाला आणि नव्या वर्षाची धामधूम एकदाची संपली. आज ओटा पुसून झाल्यावर पहिलं काम म्हणजे हे पत्र. सणाला आपण फोनवर बोललो ते आठवून मला अजून हसू येतंय. तुम्ही काहीतरी तारस्वरात सांगत होतात, मी न समजता "हो, हो" करत होते आणि तुमची श्याओमान मध्ये बसून पोट धरून हसत होती. मला वाटलं तुम्ही रागावलात. ती म्हणाली, "अहो, आई फक्त विचारतेय जेवलात का." तुमच्या उत्तरेच्या बोलीत जेवलात का विचारलं तरी भांडण काढल्यासारखं वाटतं बाई. आणि माझं बोलणं म्हणे तुम्हाला बदकं नदीत उतरल्यासारखं ऐकू येतं. तुमच्याच लेकीने चहाडी केली.

बोली वेगळी असली तरी अक्षरं आपली एकच आहेत. म्हणून म्हटलं, फोन राहू दे, लिहावं. आपल्या मुलांनी लग्न ग्वांगदोंगला नोकरीवर असतानाच उरकून टाकलं, त्यामुळे आपण विहिणी असून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. हे काही बरं नाही.

मुद्द्याचं लिहिते. तुमच्या लेकीचे दिवस मे महिन्यात भरतील. ती तोंडाने काही बोलत नाही, पण परवा भाजी निवडता निवडता रडत होती. विचारलं तर म्हणे, कांद्यामुळे. विहीणबाई, ती पालक निवडत होती. तिला आई हवी आहे. तुम्ही या. बाळंतपणापुरत्या नका येऊ, चांगल्या राहायला या. आता डोंगरातून वेगाची गाडी सुरू झालीय. तुमचा जावई छांगबो तुम्हाला घ्यायला येईल आणि वाटेत जे पाहण्यासारखं आहे ते दाखवत आणेल. नदीकडच्या खोलीला चुना दिलाय. तुमच्यासारखा विटांचा तापता पलंग आमच्याकडे नाही, पण विजेची चादर आणून ठेवलीय.

हो म्हणा.

तुमची विहीण,
पू ग्वेईरोंग


हूयी, शान्शी
१० मार्च

पू विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर देखणं आहे. माझं असं आहे, सांभाळून घ्या.

मी भांडत नव्हते. आम्ही असंच बोलतो.

येते. हे लिहायला मला दोन ओळी लागल्या, पण ठरवायला बराच वेळ लागला. आमच्या दारात उभं राहून दक्षिणेला पाहिलं की समोर छिनलिंगचा डोंगर येतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत घातल्यासारखा. जन्मल्यापासून मी त्याचं तोंड पाहतेय. त्यावर ढग बसला की आम्ही वाळत घातलेलं धान्य आत घेतो. पण तो ओलांडून मी कधी गेले नाही. माझे वडील जायचे. पाठीवर करंडी बांधून औषधी मुळ्या आणि अक्रोड आणायला पलीकडे चालत जायचे. परत आले की सांगायचे, तिकडे हिवाळा सरायच्या आत जमीन पिवळी होते, माणसं पाण्यात उभी राहून शेती करतात. आई म्हणायची, थकलेला माणूस, काहीही बोलतो.

लेक त्याच डोंगराच्या पलीकडे दिली गेली तेव्हा मला ती समुद्रापार गेल्यासारखी वाटली. तुम्हाला राग येईल, पण वाटलं ते लिहिते.

आमचे हे जाऊन दोन हिवाळे झाले. घर मोठं वाटतं. शेळ्या शेजारच्या रेनबाईंकडे देते, त्यांचं आणि शेळ्यांचं जमतं. चूल विझवून, राख काढून येते. बरोबर थोडी राळ्याची पोती, खजूर आणि माझी रजई आहे. रजई मोठी आहे, छांगबोला ओझं होईल, त्याला आधी सांगून ठेवा.

बोगद्याची भीती वाटते. श्याओमानला सांगू नका.

दांग श्यूछिन


हूयी
२६ मार्च

पू विहीणबाईंना नमस्कार.

मी सुखरूप पोचले. तुम्ही केलेल्या पाहुणचाराबद्दल आभार. छांगबोने मला ज्या दिवशी तिकडे नेलं त्या एका दिवसाबद्दल तुम्हाला लिहायचं आहे. समोरासमोर आपल्याला एकमेकींचं बोलणं कळलं नाही, आणि तो दिवस कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सकाळी गाडीत बसले तेव्हा आमच्याकडे सगळं मातकट होतं. गहू वीतभर वर आलेला, झाडं उघडी, अंगावर जाड कापसाचं जाकीट. डोंगर खिडकीत मोठा होत गेला आणि मग खिडकीच काळी झाली. कानात दडे बसले. मी छांगबोचा हात धरला. तो म्हणाला, "आई, श्वास घ्या, डोंगर कुठे पळून जात नाही." मध्येच उजेड यायचा, एक दरी, खाली पांढरं पाणी, एवढंसं घर, की लगेच पुन्हा अंधार. मला माझे वडील आठवले. त्या घराशी ते पाणी प्यायले असतील का, असं मनात येईपर्यंत ती दरी मागे पडलेली असायची. त्यांना जिथे एक चढ चढायला दिवस लागत असेल, तिथे मी खजुराची बी तोंडातून काढेपर्यंत पार होत होते. मला भीती वाटायची थांबली कधी, ते कळलंच नाही.

मग गाडी बाहेर आली ती आलीच. विहीणबाई, मी दुसऱ्याच ऋतूत होते. हिरव्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मला माहीत नव्हतं. याँगश्येनच्या आसपास पाण्याने भरलेल्या शेतात पांढरे, पंखाखाली गुलाबी असे मोठे पक्षी उभे होते. छांगबो म्हणाला की एकेकाळी हे जगात मोजकेच उरले होते, ते इथेच. डब्यात कुणी वर पाहिलंसुद्धा नाही, सगळे आपापल्या फोनमध्ये. मला उठून सगळ्यांना हलवून जागं करावंसं वाटत होतं.

हानचोंगला आम्ही उतरलो. त्याने मला एका टेकाडावर नेलं. मी जाकीट काढलं, हातात धरलं आणि तशीच उभी राहिले. मोहरीची शेतं. पायाशी पिवळं, लांब पिवळं, घरांच्या मधून पिवळं, आणि वाऱ्यावर त्याचा तो गोड उग्र वास. मधमाश्यांचा आवाज एवढा की बोलायला जवळ यावं लागत होतं. वडील खरं सांगत होते. थकून काहीही बोलत नव्हते.

शेताच्या कडेला एक म्हातारा खुरपत होता. मला बघून म्हणाला, "ताई, हरवलात का?" त्याची बोली अर्धी आमच्यासारखी होती, मला कळली. मी म्हटलं, "डोंगरापलीकडची आहे." तो म्हणाला, "म्हणजे नूडल्सवाली. रडताय कशाला? फुकट आहे, पोटभर बघा." मी त्याला विचारलं, "तो मागे दिसतो तो डोंगर कुठला?" तो हसला. म्हणाला, "अहो, तुमचाच."

मी वळून पाहिलं. निळा, ओला, झाडांनी भरलेला, खांदे उतरते. मी ओळखला नाही. आयुष्यभर ज्याचं तोंड पाहिलं त्याला पाठ असते हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि माझी लेक रोज या बाजूला राहते. मी उत्तरेकडून आणि ती दक्षिणेकडून, आम्ही दोघी एकाच डोंगराला टेकून बसलेल्या होतो. त्या टेकाडावर मला पहिल्यांदा वाटलं की ती लांब गेलेली नाही.

दुपारी चाओथ्येनला त्याने मला नदीवरच्या कड्यातली जुनी वाट दाखवली. सरळ उभा दगड, खाली हिरवं पाणी, आणि दगडात चौकोनी भोकं एका रांगेत. त्यात लाकडं रोवून त्यावर फळ्या टाकायच्या आणि माणसं, घोडी, धान्य सगळं त्यावरून न्यायचं. हजारो वर्षांपूर्वी. मी एका भोकात हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. आतून ते गार आणि गुळगुळीत होतं. कुणीतरी दोरीला लटकून, छिन्नीने, एवढं नेमकं केलं. कुठे जायचं होतं त्यांना एवढं? छांगबो म्हणाला, "सासरी." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण सकाळपासून मी दोन प्रकारची भोकं पाहिली. एकात हात जातो, एकातून अख्खी गाडी जाते. डोंगराला भोक पाडून पलीकडच्या माणसापर्यंत पोचायचंच, हा हट्ट दोन्हीत तोच आहे. मी त्या कड्याला हात जोडले.

संध्याकाळी झाओहुआला पोचलो. तुमच्या गावाशी दोन नद्या मिळतात, एक हिरवी आणि एक गढूळ, आणि बराच वेळ शेजारी शेजारी वाहून मग एक होतात. तेही पाहिलं. मी दारात "फेय" मागितलं, आमच्याकडे पाण्याला तसं म्हणतात, आणि तुम्ही धावत जाऊन डुकराच्या चरबीदार मांसाची ताटली आणलीत, कारण तुमच्याकडे तोच शब्द चरबीचा. श्याओमान हसली. मीही हसले.

नंतर तुम्ही सारण भरून उकडलेले च्याओझ वाढलेत. पारी छान पातळ होती, चिमटे नीट घातलेले. श्याओमानने स्वतःच्या हाताने माझ्या वाडग्यात घातले. मला अर्थ कळला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले. रेनबाईंचा निरोप आला होता की शेळी आजारी आहे.

श्याओमानची काळजी घ्या. ती पायावर सूज आली तरी सांगत नाही.

दांग श्यूछिन


झाओहुआ
२ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. डोंगराची पाठ आणि तो खुरपणारा म्हातारा आला तेव्हा ते पत्ते खाली ठेवून ऐकत बसले. चहाच्या दुकानात जाऊन त्यांनी तो सगळा दिवस लोकांना स्वतः पाहिल्यासारखा सांगितला. मी जन्मभर या नदीवर राहतेय. ती भोकं मी लहानपणापासून पाहतेय आणि एकदाही हात घालून पाहिला नव्हता. परवा मुद्दाम गेले आणि घातला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आत गार लागतं.

आता भांडते. तुमच्या बोलीत भांडते म्हणा हवं तर.

शेळी आजारी नव्हती. श्याओमानने रेनबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, शेळी धडधाकट आहे, काल माझी कोबी खाऊन गेली. मग तुम्ही का गेलात? मी रात्रंदिवस आठवतेय. खोलीला ओल येत होती का? चरबीचा राग आला का? माझ्या हातून मिरची जास्त पडली का? तुमच्यासाठी मी वेगळी कढई घेतली होती हो. आमचे हे म्हणतात, उत्तरेची माणसं मानी असतात, तू काहीतरी बोलली असशील. मी म्हटलं, मी काहीही बोलले तरी तिला कळणार होतं का?

आणि पाहुणी माणसं जाडजूड हिवाळी रजई घेऊन येत नाहीत. तुम्ही राहायलाच आल्या होतात. गाठोडं सोडलंसुद्धा नाही आणि तसंच उचलून परत नेलंत. श्याओमान मला म्हणाली, "आईला माझं घर आवडलं नाही." डॉक्टर म्हणतात, तिने जास्त मनाला लावून घेऊ नये. आता डॉक्टरला काय जातं सांगायला.

तुम्ही लिहिता, "मला अर्थ कळला." मला नाही कळला. कसला अर्थ? सरळ लिहा. मी मास्तरीण होते, पोरांच्या मनातलं ओळखायची मला सवय आहे, पण तुमच्यापुढे मी हरले.

पू ग्वेईरोंग


हूयी
९ एप्रिल

पू विहीणबाई,

सरळ विचारलंत, सरळ लिहिते.

आमच्याकडे माणूस घरी येतं तेव्हा त्याच्यापुढे नूडल्स ठेवतात. लांब, हाताने ओढलेल्या. त्या लांब दोऱ्यांनी आलेल्याचे पाय बांधले जावेत, त्याने राहावं, म्हणून. आणि माणूस जायला निघालं की च्याओझ करतात. सारण आत घालून कडा मिटल्या की गाठोडं बांधून झालं, आता सुखाने जा, असा त्याचा अर्थ. हे कुणी शिकवत नाही. आमच्या दारात कुणी आल्या आल्या च्याओझ वाढले तर ते माणूस हातसुद्धा न धुता परत फिरेल.

मी दिवसभर तो डोंगर ओलांडून आले. मनात एवढं भरून आलं होतं की आता इथेच राहायचं, या बाजूने डोंगर पाहत म्हातारं व्हायचं, असं मी त्या टेकाडावरच ठरवलं होतं. आणि तुमच्या दारात माझ्यापुढे वाफाळते च्याओझ आले. तुम्ही दक्षिणेच्या, भात खाणाऱ्या, तुम्ही च्याओझ करता ते मुद्दामच करणार. मला वाटलं, विहीणबाई शहाणी आहे, तोंडाने बोलत नाही, ताटातून सांगते. तेही मी गिळलं असतं. पण माझ्या लेकीने स्वतःच्या हाताने ते माझ्या वाडग्यात घातले आणि म्हणाली, "आई, पोटभर खा." मी खाल्ले. एकही टाकला नाही. परत येताना बोगद्यात अंधार झाला की रडून घ्यायचे आणि उजेड आला की खिडकीबाहेर पाहायचे.

तुमच्या घरात खोट काही नाही. ओल नव्हती.

दांग श्यूछिन


झाओहुआ
१५ एप्रिल

अहो विहीणबाई,

पत्र वाचून मी ओट्याशी खाली बसले ती बसलेच. आमचे हे घाबरले, त्यांना वाटलं कुणी गेलं.

आता ऐका. तुम्ही यायच्या आधी मी श्याओमानला विचारलं, तुझ्या आईला सगळ्यात प्रिय काय, तेच मी करीन. ती एका क्षणात म्हणाली, च्याओझ. मी जन्मात कधी केले नव्हते. आठवडाभर शिकत होते. पारी फाटायची, सारण पाण्यात सुटायचं, आमचे हे रोज तेच सूप म्हणून प्यायचे. ते म्हणाले, विहीण येण्याआधी मी जातो वाटतं. शेजारणींना वाटले, बदकांना घातले. बदकांनीही नंतर तोंड फिरवलं. तुम्ही ज्या दिवशी आलात त्या दिवशी पहिल्यांदा माझे च्याओझ फुटले नाहीत. तुम्ही सगळे खाल्लेत म्हणून मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, जिंकले.

तुमचं पत्र मी श्याओमानपुढे ठेवलं. तिने वाचलं, परत वाचलं. मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. ती म्हणाली, "दर रविवारी दुपारी मी शाळेच्या वसतिगृहात जायला निघायचे तेव्हा आई च्याओझ करायची. ग्वांगदोंगला निघाले तेव्हा केले. दर वर्षी सुट्टी संपली की केले. ती पहाटे उठून सारण चिरायची, बोलायची नाही, आणि माझ्या वाडग्यात घालत राहायची. मला वाटायचं, आईला माझी सगळ्यात जास्त माया येते तेव्हा ती च्याओझ करते. नूडल्स काय, त्या तर घरी गेलं की असायच्याच. त्यांचा काही अर्थ असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण त्या खाताना मी कुठे जात नव्हते."

विहीणबाई, तिने तुमच्या वाडग्यात तुमचीच माया परत घातली. तुम्ही ती "जा" म्हणून वाचलीत. तुमची लेक आत आहे, उशीत तोंड घालून. मी तिला म्हटलं, पोटातलं बाळ म्हणेल या घरात सगळ्याच रडक्या.

उद्यापासून मी नूडल्स शिकते. ह्यांनी कपाळाला हात लावलाय. तुमची रजई घेऊन निघा. नाही आलात तर मी स्वतः येईन तुम्हाला न्यायला, आणि मला तुमच्या बोलीतला एकही शब्द कळत नसल्यामुळे नाही म्हणालात तरी मला ऐकू येणार नाही.

तुमची,
ग्वेईरोंग


हूयी
१० जून

श्यूछिन विहीणबाई,

बघा, आता मी तुमच्या घरात बसून तुम्हाला पत्र लिहितेय आणि तुम्ही माझ्या घरात बसून वाचणार. आमचे हे म्हणतात, एवढ्या भानगडी नवराबायकोतही होत नाहीत. पण बाळंतिणीजवळ आई हवी आणि तुमचा गहू पिकलाय, मग कुणीतरी डोंगर ओलांडायलाच हवा होता. तुम्ही नको नको म्हणत होतात, पण खरं सांगू का? तुमचं मार्चातलं ते पत्र वाचल्यापासून मला यायचंच होतं. तुम्ही पाठ पाहिलीत, मला तोंड पाहायचं होतं.

माझं उलट झालं. हिरव्यातून आत शिरले, अंधार, उजेड, अंधार, कान बंद. आणि बाहेर आले तर सोनं. विहीणबाई, मी एवढं सपाट काही पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे आभाळ म्हणजे दोन डोंगरांच्या मधली पट्टी. इथे आभाळाला कड नाही, आणि खाली जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत पिकलेला गहू. मी स्टेशनच्या बाहेर उभी राहून नुसती गोल फिरत होते. रिक्षावाला म्हणाला असावा, बाईला चक्कर आली. त्याने मला पाणी दिलं. "फेय" म्हणाला. मी लगेच ओळखलं.

मग तुमच्या दारात उभी राहून दक्षिणेला पाहिलं. तुमचा डोंगर. करडा, उभा, कपाळावर आठ्या घातलेला. माझ्या खिडकीतून जो आळसावून पसरलेला दिसतो तो हाच, यावर माझा विश्वास बसेना. संध्याकाळी उन्हाने त्याचं कपाळ लाल झालं आणि मी तिथेच पायरीवर बसून घेतलं. शब्द सुचेना मला. मास्तरीण असून.

रेनबाई आल्या. खूप बोलल्या, मला काही कळलं नाही. मग त्यांनी हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि माझ्यापुढे तोंडाएवढा वाडगा ठेवला. नूडल्स, कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद. मला एप्रिलात तुम्ही परत आलात तेव्हाच्या माझ्या पहिल्या नूडल्स आठवल्या, दोरखंडासारख्या जाड, अर्ध्या तुटलेल्या. तुम्ही दारात उभ्या राहूनच वाडगा हातात घेतला होता, शेवटचा तुकडासुद्धा खाल्लात आणि मग आत जाऊन रजईची गाठ सोडलीत. गाठ सुटल्याचा तो आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. त्या वेळी नाही रडले, पण इथे रेनबाईंच्या ओट्याशी रडले. त्या घाबरल्या. पोळपाटावर पीठ पडलं होतं, त्यात त्यांनी बोटाने एकच शब्द लिहिला. राहा.

गहू कापून झालाय, यंत्राने एका सकाळीत झाला. मी आणि रेनबाई तो रस्त्यावर पसरून उन्हात घालतोय. शेळी माझी चप्पल खाऊन गेली, धडधाकट आहे. डोंगरावर ढग बसला की रेनबाई ओरडतात आणि आम्ही दोघी धावत गहू गोळा करतो. त्यांचं एवढं मला आता कळतं.

माझी नात कशी आहे? केस आहेत का डोक्यावर, की अजून आजोबांवर गेलीय? तिला पाहून आले आणि दुसऱ्या दिवसापासून जीव तिकडे लागलाय.

ग्वेईरोंग


झाओहुआ
१७ जून

ग्वेईरोंग विहीणबाई,

नात चांगली आहे. केस येताहेत. आवाज उत्तरेचा आहे, दूध मागते तरी भांडण काढल्यासारखं वाटतं. तुमचे हे म्हणतात, आजीवर गेली. कुठली आजी ते सांगत नाहीत.

मी रोज सकाळी तिला नदीकडच्या खिडकीशी नेते आणि डोंगर दाखवते. हा तुझा, म्हणते. पलीकडून वेगळा दिसतो, मोठी झालीस की नेईन. तिला अजून समोरचं बोटसुद्धा दिसत नाही, पण सांगून ठेवलेलं बरं. माझ्या वडिलांचं ऐकायला कुणी नव्हतं.

श्याओमान उठून फिरू लागलीय. पायाची सूज गेली. परवा बाळाला महिना पूर्ण होतोय म्हणून गल्लीत वाटायला लाल अंडी रंगवतोय. पण तुमच्याशिवाय पंगत मांडायची नाही असं तिने सगळ्यांना बजावलंय. गहू पोत्यात भरला की निघा, उरलंसुरलं रेनबाई बघतील.

निघताना त्या तुमच्यापुढे च्याओझ ठेवतील. मनाला लावून घेऊ नका. पोटभर खा, एकही टाकू नका आणि गाडीत बसा. इथे मी तुमच्यासाठी पीठ मळून ठेवते. लांब ओढते, न तुटणाऱ्या, माझ्या हातच्या.

काल श्याओमान बाळाला मांडीवर घेऊन ओट्याशी बसली होती. म्हणाली, "आई, तुझ्या हातचे च्याओझ खाऊन किती दिवस झाले. कधी करणार?" मी म्हटलं, "या घरातून कुणी जायला निघालं की करीन." ती बाळाची टोपी सारखी करत म्हणाली, "मग नकोतच."

श्यूछिन